डोक्यातली मापं

ज्या वर्षी भाचीला जुळं झालं, त्याच वर्षी थोरल्या बहिणीच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली. धाकटीची त्या साली नुसती तारांबळ. सकाळी बाळंतिणीकडे, दुपारी दवाखान्यात, संध्याकाळी दुकानात मशीनवर. अंग आंबून जायचं, पण सांगायचं कुणाला?

शिवणाचं दुकान दोघी बहिणींचं. थोरली बेतायची, धाकटी शिवायची. थोरलीला अक्षर येत नव्हतं; दोनशे गिऱ्हाइकांची मापं तिच्या डोक्यात. माणूस दारात दिसला की म्हणायची, "पोट दीड इंच सुटलं हो तुमचं." टेप लावली की दीडच भरायचं.

गाठ गेली आणि रोजची एक गोळी सुरू झाली, पाच वर्षांसाठी. सहा महिन्यांत थोरली हातात खडू धरून कापडापुढे नुसती उभी राहू लागली. एकदा वकिलाच्या कोटाला तिने त्याच्या मेहुण्याच्या मापाच्या बाह्या बेतल्या. भारी कापड वाया गेलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

धाकटी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"मावशी, पुरुषी हार्मोनपासून बायकी हार्मोन बनवणारं एक एन्झाइम असतं. तुमची गाठ त्या बायकी हार्मोनवर पोसत होती, म्हणून गोळी एन्झाइमच बंद पाडते. पण ते मेंदूतही असतं, आठवणींच्या जागी. काहींना विसरायला होतं. तुमचं त्यामुळेच झालं, हे छातीठोक नाही सांगता येणार."

"माझ्यात पुरुषी हार्मोन?"

"सगळ्याच बायकांत असतं थोडं."

"तरीच हिच्यावर डाफरते मी."

"थोडंथोडकं नसणार हिच्यात," धाकटी पुटपुटली.

दुसऱ्या जातीच्या गोळीने रक्त गोठण्याचा धोका, म्हणून ती चालणार नव्हती. थोरलीच्या पायात एकदा रक्ताची गुठळी झाली होती. धाकटीने वही आणली. "तू सांग, मी लिहिते."

"वहीला विचारून बेतायचं, तर कात्रीही तूच धर की."

पुढल्या उन्हाळ्यात शाळेचा शिपाई आला. थोरलीने टेपला हात न लावता सांगितलं, "उजवा खांदा अर्धा इंच उतरता," आणि सर्रकन कापड कापलं. धाकटीला हायसं वाटलं. मग गोळीची शंका आली. तिने रिळांचा खण उपसला. तळाशी गोळ्यांची पाकिटं, न फोडलेली.

"कधीपासून?"

"पाच महिने झाले."

"अगं, गाठ उलटली तर?"

"उलटेल तेव्हा उलटेल. चाळीस वर्षं मी या मापांवर उभी आहे."

"आणि मी कुणावर उभी आहे, ताई?"

कापलेले तुकडे थोरलीने धाकटीपुढे सरकवले.

महिनाभर धाकटीने रोज सकाळी चहाच्या बशीत गोळी ठेवली. थोरली चहा प्यायची, गोळी बशीतच राहायची. मग धाकटी थकली. ठेवायची बंद झाली.

तीन वर्षं थोरलीचं एकही कापड चुकलं नाही. चौथ्या वर्षी पाठ धरली; गाठ हाडांत उतरली होती. नऊ फेब्रुवारीला, सोमवारी सकाळी दहा वाजता, थोरली गेली. तिचं वय एकसष्ट होतं.