पिवळ्या मसुद्यातली बेरीज

“बरोबर,” कान म्हणाले आणि त्यांनी आपल्या वहीत लाल पेन्सिलीनं खूण केली.

ती पुढच्या ओळीकडे वळली नाही. तिचं बोट पिवळ्या मसुद्याच्या त्याच ओळीवर थबकून राहिलं. शाळेतल्या मुलांना चष्मे, तीन कोटी. परिचारिकांना दुचाक्या, नऊ. दवाखान्यांच्या छपरांची डागडुजी, सव्वीस. औषधं, बासष्ट. शाळकरी पोरगीसुद्धा बोटांवर न मोजता सांगेल, शंभर. कागदावर मात्र एकूण एकशे दहा छापलं होतं. तिनं ते तसंच वाचलं होतं, स्वच्छ, तोडून तोडून. आणि समोरच्या माणसानं, ज्याला अख्खी इमारत नुसतं ‘कान’ म्हणून ओळखत होती, वरचे दहा कोटी सरळ गिळले होते.

“काय झालं, ताई?”

“काही नाही. घसा कोरडा पडला.”

ती उठली, कोपऱ्यातल्या माठाकडे गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून सावकाश पाणी प्यायली.

संसदेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या या खोलीला ‘तुलना कक्ष’ असं भारदस्त नाव होतं. आत एक मेज, दोन खुर्च्या आणि एक कुरकुरणारं कपाट. दरवर्षी देशाच्या अंदाजपत्रकाचे दोन मसुदे इथे येत. सरकारचा पांढऱ्या वेष्टनात, विरोधी आघाडीचा पिवळ्या. दोन्ही समोरासमोर मांडून एक तक्ता बनवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो प्रत्येक सभासदाच्या मेजावर ठेवायचा, एवढंच काम. पद्धत जुनी होती. एकानं मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं मसुदा बघायचाही नाही, डोळे मिटून ऐकायचं, मनात बेरीज करायची आणि प्रत्येक ओळीला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं. तक्त्याखाली दोघांच्या सह्या. सभागृहात लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात, पण त्या तक्त्याबद्दल आजवर कुणी ब्र काढला नव्हता.

सतरा वर्षं ती वाचत होती आणि ते ऐकत होते. इतक्या वर्षांत ते कोणत्या बाजूचे, हे तिला कळलं नव्हतं. विचारलं की हसायचे. “मला मत विचारू नका ताई. भाजीत मीठ कमी पडलंय हेही मी बायकोला दोन रकान्यांत सांगायचो.”

असा माणूस आज चुकला? ती पुन्हा खुर्चीत बसली आणि पान उलटलं. वाचता वाचता ती त्यांचा चेहरा न्याहाळू लागली. संशय तिच्या रक्तातच होता. सासूबाई म्हणायच्या, “ही भाजी निवडायला बसली की पानापानाची उलटतपासणी घेते.” आता एकदा किडकं पान हाताला लागल्यावर तिला सकाळपासूनचं सगळं आठवायला लागलं.

आज ते चारदा म्हणाले होते, “पुन्हा एकदा वाचा, ताई.” एरवी वर्षातून एकदासुद्धा म्हणत नसत. आणि चारही वेळा ओळीत आकडा नव्हता. खर्च कशासाठी करायचा, ते सांगणारं साधं वाक्य होतं. अशा वाक्यात तपासायचं ते काय?

“ ‘फळा दिसत नाही म्हणून जे मूल मागे पडतं, ते मंद नसतं,’ ” तिनं सकाळी वाचलं होतं.

“पुन्हा एकदा.”

तिनं पुन्हा वाचलं होतं. मिटल्या पापण्यांआड त्यांची बुबुळं हलली होती.

आणखी एक गोष्ट होती, मघापासून दातात अडकलेल्या काडीसारखी. जगातलं कुठलंही अंदाजपत्रक मोठ्या आकड्यानं सुरू होतं. आधी सैन्य, कर्जाचं व्याज, महामार्ग. चष्मे शेवटच्या पानावर, जिथवर कुणी पोचत नाही. हा पिवळा मसुदा उलटा चालला होता. चष्म्यांनी सुरू झाला होता, आणि प्रत्येक विभागात सगळ्यात छोटी रक्कम पहिली, सगळ्यात मोठी शेवटी. ही उलटी चाल तिनं कुठंतरी पाहिली होती.

जेवणाच्या सुट्टीत कान हात धुवायला गेले तेव्हा तिनं कपाट उघडलं. आत त्यांच्या अक्षरातली कार्यालयीन सामानाची जुनी मागणीपत्रं होती. टाचण्या, शाई, फीत, कागदाची रिमं, कपाट. दुसऱ्या वर्षीचं, तिसऱ्या वर्षीचं, सगळी तशीच. आणि तिला तिचा इथला पहिला महिना आठवला. तिनं यादी मोठ्यापासून केली होती, तर ते म्हणाले होते, “धाकट्यांना आधी वाढायचं, ताई. मोठ्यांना थांबता येतं.”

तिनं मागणीपत्रं होती तशी ठेवून कपाट लावलं.

आता तिला वाक्यंही ओळखीची वाटू लागली. सतरा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तोंडात घोळवणाऱ्या बाईला लिहिणाऱ्याचा श्वास कळतो. पिवळ्या मसुद्यातलं वाक्य झोक्यासारखं चालत होतं. आधी किंचित मागे, मग लांब पुढे, आणि अलगद टेकणारं शेवटचं पाऊल. कानांची टिपणं अशीच असत.

म्हणजे हा मसुदा यांनीच लिहिला. सरकारी पगार घेऊन विरोधकांना अंदाजपत्रक लिहून दिलं आणि वर स्वतःच तपासायला बसले, डोळे मिटून. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. उघडकीला आलं तर निवृत्तिवेतन जाईल. आणि सतरा तक्त्यांवर त्यांच्या सहीशेजारी तिची सही आहे. उद्या कुणीही विचारेल, मागचे तरी खरे कशावरून?

तिनं खण ओढून छापील फॉर्म काढला. ‘मसुदा लिहिणाऱ्याशी नाते किंवा व्यवहार असल्याचे कळताच मेजावरून उठावे.’ खाली नाव, कारण, वेळ. सतरा वर्षांत हा फॉर्म कधी लागला नव्हता. तिनं नावाच्या जागी कानांचं नाव लिहिलं आणि फॉर्म मसुद्याखाली सरकवला.

कान परतले, डबा उघडला, आणि झाकण हातात धरून तसेच बसले.

“काका,” ती म्हणाली, “पिवळा कुणी लिहिलाय?”

“मसुद्यावर नाव कुठं असतं, ताई?”

“मी तुम्हाला विचारतेय.”

त्यांनी झाकण खाली ठेवलं. “तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं, तुम्ही. चष्मे पहिले. आणि आरोग्याची बेरीज दहानं चुकलीय, ती तुम्ही ‘बरोबर’ म्हणून सोडलीत.”

“चुकलीय?” ते दचकले. त्यात सोंग नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना सोंग करताना तिनं पाहिलं नव्हतं, आताही ते करत नव्हते. “कुठं?”

“तीन, नऊ, सव्वीस, बासष्ट.”

“शंभर.”

“एकशे दहा लिहिलंय. मी तसंच वाचलं.”

त्यांनी वहीतल्या स्वतःच्या लाल खुणेकडे पाहिलं.

“मी आकडे ऐकतच नव्हतो, ताई,” ते म्हणाले. “सकाळपासून. तुम्ही वाचत होता आणि मला माझी लेक बोलताना ऐकू येत होती.”

तिला त्यांची मुलगी आठवली. एकदा शाळेच्या सुट्टीत आली होती. मेजाखाली मांडी घालून पेन्सिली लावत बसली होती, बुटक्या आधी, उंच नंतर.

“ती? तुम्ही तर म्हणायचात परगावी असते.”

“असते कुठंतरी. सहा वर्षं बोलत नाही माझ्याशी.” त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. “तिची आई आजारी होती तेव्हा आम्ही दवाखान्याच्या बोळात तीन दिवस उभे होतो. बसायला काही नाही. भिंतीला टेकायचं, एकानं डुलकी काढायची, दुसऱ्यानं त्याला सावरायचं. चौथ्या दिवशी गरजच राहिली नाही. त्याच वर्षीच्या पांढऱ्या मसुद्यात त्या दवाखान्याचे पैसे अर्धे केले होते. पुढच्या आठवड्यात तुम्ही ती ओळ वाचलीत. मी म्हणालो, बरोबर.”

तिला ती ओळ आठवत नव्हती.

“बेरीज बरोबर होती हो,” ते म्हणाले. “लेकीलाही मी तेच सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आयुष्यात एकदा तरी कुणाची बाजू घेतलीत का? आणि गेली. वर्तमानपत्रात कधीकधी लेख येतो तिचा. नाव आणि आडनाव. मधलं नाव तिनं टाकून दिलंय.”

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं. चाकाची करकर जवळ आली आणि दूर गेली.

“पण मसुदा तिचाच, हे तुम्हाला कुठं माहीत आहे?” तिनं विचारलं. आपला आवाज अजून उलटतपासणीचाच आहे, हे तिला जाणवलं.

“माहीत नाही. नुसतं वाटतंय. वाटण्याचा फॉर्म नसतो ना आपल्याकडे?” ते किंचित हसले. मग त्यांनी खोटी ठरलेली लाल खूण रेघ मारून खोडली, दुरुस्तीची चिठ्ठी ओढली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आरोग्य. ३, ९, २६, ६२. बेरीज तपासावी.’ लिहून झाल्यावर त्यांची पेन्सिल थोडी रेंगाळली. “नऊनंतर एकदम सव्वीस. मधलं कुणीतरी पंगतीतून उठून गेलंय असं वाटतं.”

नियम असा होता की चिठ्ठी आघाडीच्या कार्यालयात जायची, आणि दुरुस्त पानावर लिहिणाऱ्यानं स्वतः पूर्ण सही करून ते पाच वाजायच्या आत परत पाठवायचं. चिठ्ठी गेली. दोघं पांढरा मसुदा घेऊन बसली. ती वाचत होती आणि कान पूर्वीसारखे कान झाले होते. दोन चुका त्यांनी वाक्य संपायच्या आत पकडल्या. तरी प्रत्येक ओळीनंतर ती मनातल्या मनात बेरीज करत राहिली. एकदा लागलेली सवय अर्ध्या दिवसात सुटत नाही. आणि माणसं गोष्टी रचतात, हेही तिला ठाऊक होतं.

चार वाजून गेल्यावर शिपाईबाई पान घेऊन आल्या. तिनं लिफाफा फोडला आणि नेहमीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

“शाळेतल्या मुलांना चष्मे, तीन कोटी.”

“बरोबर.”

“परिचारिकांना दुचाक्या, नऊ.”

“बरोबर.”

“छपाईत गळलेली ओळ.” तिनं बोट त्या ओळीखाली धरलं. “दवाखान्यात रुग्णासोबत आलेल्यांना बसण्यासाठी बाक, दहा.”

कानांनी डोळे उघडले होते.

ती ओळीओळीनं खाली उतरत गेली. सव्वीस. बासष्ट. एकूण एकशे दहा. आणि त्याखाली निळ्या शाईतली सही. तीन शब्द होते. मधला शब्द तिनं दुपारीच फॉर्मवर लिहिला होता.

वाचणाऱ्यानं कागद कधी ऐकणाऱ्याला दाखवायचा नसतो. तिनं तो फिरवला आणि मेजावरून त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बोट शाईवर टेकवलं नाही, जरा वरच धरलं, ओली असल्यासारखं. मग लाल पेन्सिल वहीला समांतर ठेवली, आणि खुर्ची मागे सारून उभे राहिले.

“आता मला इथं बसता यायचं नाही, ताई. आता नुसतं वाटत नाही, कळलं. तो फॉर्म द्या. मसुद्याखाली टोक दिसतंय त्याचं, दुपारपासून.”

तिनं फॉर्म काढला. नाव लिहिलेलं होतंच. कारणापुढं तिनं ‘कन्या’ असं लिहिलं. वेळेच्या जागी तिनं पेनाचं टोक टेकवलं, आणि उचललं.

“बसा, काका,” ती म्हणाली आणि पान स्वतःकडे ओढून घेतलं. “मी अजून सहीपर्यंत पोचलेली नाही.”

ते उभेच होते.

तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळू, घाई नसलेल्या आवाजात पुन्हा चष्म्यांपासून सुरुवात केली. दुचाक्या झाल्या, बाक आले. खुर्ची करकरली.

“पुन्हा एकदा,” कान म्हणाले. “तेवढीच ओळ.”