शिवडीच्या गोदामातली दूध पावडर

देशोदेशीच्या मुलांसाठी मदत गोळा करणाऱ्या एका मोठ्या संस्थेसाठी बकुळाने दोन वर्षं नायगावच्या चाळीत पावत्या फाडल्या होत्या. लढाईत सापडलेल्या पोरांना दूध पाठवायचंय म्हटलं की कुणी हात आखडत नसे. त्या ओळखीवरच तिला संस्थेच्या शिवडीच्या गोदामात काम मिळालं. बारा बायका दिवसभर खोकी भरायच्या. दूध पावडर, साबण, एक चादर.

पुढे जहाजाची परवानगी अडकली आणि खोकी सात महिने पत्र्याखाली तापत राहिली. एका सोमवारी गोदाम चालवणाऱ्या कंत्राटदाराचा सुपरवायझर राकेश थिनरची बाटली आणि कापूस घेऊन आला.

"डब्याच्या बुडावरची तारीख पुसा. नवा शिक्का मी देतो."

"म्हणजे मुदत संपली?"

"पावडर आहे ताई, मासळी थोडीच आहे?"

बकुळाने एक डबा फोडला. आत पिवळट खडे झाले होते आणि कुबट वास येत होता.

"तुझ्या पोराला पाजशील का रे हे?"

राकेशने मान वळवली. "वरून ऑर्डर आहे. जमत नसेल तर घरी बसा."

शेजारी बसलेल्या मालनने कापूस उचलला. तिचा नवरा डायलिसिसवर होता. "बकुळे, गप बस ना गं," ती पुटपुटली.

बकुळा उठली. तोच डबा पिशवीत घालून बसने थेट गिरगावला, संस्थेच्या ऑफिसात गेली. तिथल्या मेघना मॅडमनी डबा हुंगला आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, हे बकुळाला दिसलं.

"आलात ते फार बरं केलंत," त्या म्हणाल्या.

आठवड्याभरात कंत्राटदाराला काढलं, राकेश गेला, गोदामाला कुलूप लागलं. बाराही बायका घरी बसल्या. माल नष्ट करायला नेला. महिन्याने बकुळाने मॅडमना फोन लावला.

"मग त्या पोरांना दुसरं काय पाठवलं?"

"चौकशी संपेपर्यंत सगळं बंद आहे, बकुळाताई. या वर्षी काहीच जाणार नाही. तिथे छावणीत थंडी सुरू झालीय. रोज मेल येतात, दूध कधी पाठवताय म्हणून."

संध्याकाळी गॅलरीत शेजारच्या कौसल्याबाईंनी हटकलं. त्यांनी पेन्शनीतून दोनदा पावती फाडली होती. बकुळाने काही लपवलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

कौसल्याबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू कशाला तोंड उघडलंस गं? त्यातलं थोडं तरी चांगलं निघालं असतं."

बकुळा आत गेली आणि दार लोटून घेतलं. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही.

मालन आता मशीद बंदरला मिरच्या निवडायला जाते. रस्त्यात बकुळा दिसली की फुटपाथ बदलते.