सहा आठवड्यांचं रीडिंग

निळं पेन बंद करून आजोबांनी काळं उघडलं. सोमवार-मंगळवार निळ्यात झाले होते, बुधवार काळ्यात बरा दिसला असता. 'सकाळ – दहा मिनिटं. संध्याकाळ – बारा मिनिटं. मूल शांत.' गुरुवारसमोर त्यांनी जरा विचार करून नऊ मिनिटं लिहिली. रोज एकच आकडा आला की तपासणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो, हे पंपहाऊसवर चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

"बाबा, झालं का? गाडी येऊन थांबलीय," सुनेनं दारातून हाक मारली. "आणि वही घेतलीत ना?"

"घेतली गं. आधी वही, मग नातू," आजोबा म्हणाले आणि शाई वाळावी म्हणून त्यांनी पानावर फुंकर मारली.

पंपहाऊसवर दर तासाला पाण्याचा दाब आणि मोटरचा करंट रजिस्टरात लिहायचा नियम होता. पाळत कुणीच नव्हतं. आठ तासांची आठ रीडिंगं पाळी संपताना एका दमात व्हायची आणि साहेब न बघता खाली सही ठोकायचा. आजोबांना त्यात कधी पाप वाटलं नाही. पंपाची बेअरिंग जायला आली तर त्यांना ती भिंतीपलीकडून आवाजावरून कळायची, आणि टाकी तर रोज भरत होती. वही साहेबासाठी, कान पंपासाठी, असा त्यांचा सरळ हिशेब.

नातू सव्वादोन वर्षांचा. लाडानं सगळे त्याला गोटू म्हणत. कान उत्तम, सांगितलेलं सगळं कळायचं, पण तोंडात मिठाची गुळणी. 'आई' नाही, 'दे' नाही. काही हवं असलं की आजोबांचं बोट धरायचं आणि ओढत न्यायचं. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, बोलेल आपोआप म्हणून वाट बघू नका, आत्तापासूनच सुरुवात करा. घरी करायला त्यांनी सराव दिला. पारदर्शक डब्यात गोटूची लाल मोटार ठेवायची, झाकण घट्ट लावायचं. तो डबा घेऊन आला की समोर बसून 'दे' म्हणायचं आणि थांबायचं. त्यानं निदान एखादा आवाज काढेपर्यंत थोडा वेळ धीर धरायचा, मग झाकण उघडायचं. दिवसातून दोनदा, आणि रोज वहीत नोंद. मुलगा आणि सून दोघंही कामावर, त्यामुळे हे घोंगडं आजोबांच्या गळ्यात पडलं.

तीन दिवस त्यांनी मनापासून केलं. गोटू जमिनीवर लोळण घ्यायचा, रडून लालबुंद व्हायचा. "अरे, दे म्हण की! एवढं काय जड आहे त्यात?" असं ओरडून झालं, गोंजारून झालं. चिमुरडं पोर हुंदके देतंय आणि आपण म्हातारे डबा धरून बसलोय, याचा त्यांना स्वतःचाच राग यायचा. मॅडमना काय जातंय उंटावरून शेळ्या हाकायला! चौथ्या दिवशी त्यांनी मोटार काढून त्याच्या हातात दिली आणि वहीत लिहिलं, 'दहा मिनिटं'. पुढे पुढे मोटार डब्यात ठेवणंही सुटलं.

आज सुनेनं मुद्दाम रजा टाकली होती. मॅडमच्या खोलीत गोटू कोपऱ्यात ठोकळे रचत बसला आणि मॅडमनी वही उघडली.

"एक दिवस चुकलेला नाही, आजोबा! माझ्याकडे असं कुणीच करत नाही."

आजोबांनी मान डोलावली. मॅडमनी पानं पुन्हा मागून पुढे चाळली, तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद ओसरत गेला.

"खरं सांगू का?" त्या सुनेकडे वळून म्हणाल्या. "म्हणूनच मला काळजी वाटतेय. रोज दोनदा सराव, आणि सहा आठवड्यांत एकही नवा आवाज नाही. मग हा नुसता उशीर नसेल. मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या करून घ्या, मी चिठ्ठी देते."

"म्हणजे तो... बोलणारच नाही?"

"असं मी म्हटलं नाही हो. पण बघायला हवं."

"माझंच चुकलं," सून म्हणाली. "बाबा बिचारे दिवसभर त्याच्यामागे असतात. मी घरी येते ती दमून पडते."

आजोबा गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलंही नसतं. पण मॅडमचं पेन चालू झालं होतं. वर गोटूचं नाव, मग वय, आणि त्याखाली 'नियमित सराव. प्रतिसाद नाही.' आजवर आजोबांच्या खोट्या रीडिंगवर विसंबून कुणी काही ठरवलं नव्हतं. इथे पोराचं सगळं पुढचं त्यावर ठरत होतं.

"मॅडम, थांबा. रीडिंग खोटं आहे."

"कसलं रीडिंग?"

"वहीतलं. तीन दिवस केलं, बाकी सगळं मी बसून लिहिलंय. या आठवड्याचं तर आज सकाळी." त्यांना सुनेकडे बघवेना. "त्याच्या नावावर ते लिहू नका. त्याला कुणी विचारलंच नाही, तर तो प्रतिसाद काय देणार?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"सहा आठवडे, बाबा?" सून म्हणाली. "मी रोज कामावरून फोन करत होते. आज कसा बसला विचारायचे. तुम्ही म्हणायचात, आज बारा मिनिटं बसला!"

"रडायचा गं तो. बघवायचं नाही."

"मग मला सांगायचं! मी रडवलं असतं. आई आहे मी त्याची!"

गोटूनं ठोकळे सोडून वर बघितलं. मॅडमनी चिठ्ठी फाडली, पण त्यांचा आवाज कोरडा होता. "या वयातले सहा आठवडे म्हणजे... जाऊ दे. आता महिनाभर खरा सराव करा. काही हललं नाही तर चिठ्ठी पुन्हा देईन."

घरी पोचल्यावर दार उघडता उघडता सून म्हणाली, "उद्यापासून सराव मी घेणार. दुपारची पाळी मागून घेते. तुम्ही मध्ये पडू नका."

"बरं," आजोबा म्हणाले.

पाचव्या दिवशी सकाळी ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते. आतून सुनेचा आवाज आला, "दे." मग शांतता. मग गोटूचं रडणं. पुन्हा "दे." आजोबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. एवढा राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला स्वतःखेरीज कुणी नव्हतं.

रडणं जवळ आलं. गोटू डबा पोटाशी धरून गॅलरीत आला, आणि त्यानं तो आजोबांच्या मांडीवर ठेवला. या घरात हमखास काम करून देणारा माणूस हाच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मोठमोठे व्हॉल्व्ह फिरवलेल्या त्या हातांना हे झाकण म्हणजे अर्ध्या फेऱ्याचं काम. आजोबांनी हात उचलले नाहीत. गोटूनं बोट धरून ओढलं. ते उठले नाहीत. त्यानं गुडघ्यावर एक चापट मारली, मग दुसरी, जोरात.

"दे," आजोबा म्हणाले, आणि थांबले. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी त्यांनी पुसलं नाही.

गोटूचं रडणं थांबलं. तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. असं त्यानं पूर्वी कधी बघितलं नव्हतं, बघायची वेळच आजोबांनी त्याच्यावर येऊ दिली नव्हती. त्याचे ओठ हलले, आवाज काही आला नाही. मग त्यानं मांडीवरचा डबा उचलला आणि आजोबांकडे पाठ करून तो आत आईकडे गेला.