शेवटच्या कडव्यातला खंडेराव

मित्रांनो, फरीदाबादच्या एका खोलीत खिळ्याला टांगलेला जुना डफ तुमच्याशी बोलतो आहे. जालन्याकडच्या एका कारागिराने बकऱ्याचे कातडे ताणून मला घडवले. स्वभावाने मी जरा हट्टी. जाळावर शेकल्याशिवाय तोंड उघडत नाही.

माझा मालक खंडेराव. पोटासाठी तो फरीदाबादला आला आणि ठेकेदाराकडून पत्र्याच्या कारखान्यात लागला. कामगारांना एकाएकी काढून टाकले, तेव्हा तो रोज गेटासमोर बसून स्वतः रचलेली गाणी गाई. मराठीचे अक्षरही न कळणारे बिहारी, ओडिया कामगार माझ्या तालावर ठेका धरत. तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू!

एका दुपारी लाठ्या चालल्या. खंडेरावच्या डोक्यात एक बसली आणि आठव्या दिवशी तो गेला. ठेकेदार म्हणाला, असा कुणी आमच्याकडे नव्हताच. बातमीत तो नुसता ‘एक कामगार’ होता. त्याचे नाव उरले ते गाण्यात. शेवटच्या कडव्यात शाहिराने आपले नाव गुंफायचे, ही आपली रीतच आहे: ‘सांगे खंडेराव गेटावरूनी, माणूस नव्हे भंगार.’ त्याची बायको विठाबाई एरवी नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नसे. गाण्यात मात्र घेई, तेही खड्या आवाजात.

दोन वर्षांनी प्रणिता आली. ती मूळची पुण्याची, दिल्लीत माहितीपट करणारी. संगीत आणि आंदोलने हा तिचा विषय. मुलगी मनाची वाईट नव्हती, हे सांगितलेच पाहिजे.

“मावशी, अशा फिल्ममध्ये नेहमी गिटारवाली पोरंच असतात,” ती म्हणाली. “तुमच्यासारख्या बायका कुठे दिसतच नाहीत यार. मला तुम्हाला दाखवायचंय.”

“आमच्या ह्यांचं गाणं आहे. पुरं घेशील ना गं?”

“बिल्कुल, मावशी!”

विठाबाईने मला शेकले आणि गाणे शेवटपर्यंत म्हटले.

कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सभागृहात माहितीपट दाखवला. ठेवणीतली साडी नेसून, मला मांडीवर घेऊन विठाबाई पुढेच बसली होती. पडद्यावर तिच्या सुरकुत्या दिसल्या, मी दिसलो. दोन कडवी झाली आणि गाणे संपलेच. खाली अक्षरे आली, ‘पारंपरिक लोकगीत’. मागे कुणीतरी म्हणाले, “किती छान, सगळ्या थरांतली माणसं घेतलीत!”

बाहेर तिने प्रणिताला गाठले. “शेवटचं कडवं कुठंय?”

“लांबत होतं हो, मावशी. आणि तो खंडेराव कुणी जुना शाहीर असेल, असं वाटलं. अशी गाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असतात ना.”

“खंडेराव माझा नवरा,” विठाबाई म्हणाली. गाण्याबाहेर तिने हे नाव घेतलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

प्रणिताचा चेहरा उतरला. “सॉरी, मावशी. पण फिल्म स्पर्धेसाठी बाहेर पाठवलीय. आता नाही बदलता येणार.”

त्या माहितीपटाला पुढे बक्षीस मिळाले. विठाबाई त्यानंतर गायली नाही. मला कुणी शेकत नाही, कातड्याला भेग पडली आहे. मला फार वाईट वाटते, पण माझ्यासाठी नव्हे.

मित्रांनो, डफ नवा मढवता येतो. म्हणून माझी काळजी करू नका. कुणाचा चेहरा जगाला दाखवायला निघालात, तर आधी त्याच्या घरच्यांपाशी बसून नाव विचारून घ्या. आणि गाणे कापायचेच झाले, तर पहिले कडवे कापा. शेवटच्यात माणूस असतो.