वरच्या कडीतली कुंडी

फुएन्सांताच्या दाराबाहेरची रांग रविवारी सकाळी बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत पोचली होती. मी काही माणसं मोजायला गेले नव्हते, पाव आणायला गेले होते. पण जाताना एक्केचाळीस जण होते आणि येताना सत्तेचाळीस.

फुएन्सांता माझी सख्खी थोरली बहीण. तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, आणि अकरा वर्षांत मी त्याचा उंबरा ओलांडलेला नाही. चर्चमध्ये आम्ही एकमेकींना मान हलवून ओळख देतो. तीही आधी कोण हलवते ते बघून.

मे महिन्यात बारा दिवस आमच्या सान बासिलिओ आळीतली घरं लोकांना बघायला उघडी असतात. घरं म्हणजे घराच्या पोटातली अंगणं. कुठून कुठून माणसं कोर्दोबाला येतात, आधी इथल्या प्रसिद्ध जुन्या मशिदीतले खांब बघतात, मग आमच्याकडे येऊन भिंतींवरच्या कुंड्यांचे फोटो काढतात, 'आहाहा' म्हणतात आणि पुढच्या दारात जातात. परीक्षक येतात, नंबर काढतात. फुएन्सांताला तीनदा पहिला नंबर मिळालाय. मला एकदा उत्तेजनार्थ म्हणून भिंतीवर लावायची टाइल मिळाली. ती मी संडासाच्या दाराशेजारी लावली आहे.

बक्षिसाचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. वाटतं. चांगलंच वाटतं. पण त्याहून जास्त सलत होतं ते तिच्या भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या कडीतलं आईचं जिरेनियम.

दिसायला ते साधंच. बारीक चुरगळलेली पानं, फिकट गुलाबी फुलं. पण पान चोळलं की लिंबाचा वास यायचा, आणि तसा वास बाजारातल्या कुठल्याच झाडाला येत नाही. त्यांना साबणाचा येतो. रोज सकाळी आई दोन पानं तळहातांवर चोळायची आणि मग माझ्या वेण्या घालायची. शाळेत माझ्या शेजारी बसायला पोरी भांडायच्या. आई गेली तेव्हा घर फुएन्सांताला मिळालं. ते बरोबरच होतं, शेवटची चार वर्षं आईचं सगळं तिनंच केलं. मला शिवणयंत्र मिळालं आणि तांब्याचं मोठं पातेलं. मी घराबद्दल तोंडातून ब्र काढला नाही. पण ते झाड आई माझ्या नावानं ठेवेल असं मी धरून चालले होते. नाही ठेवलं. म्हणजे आईला कोण जास्त लाडकं होतं ते कळलं, आणि अकरा वर्षं ते मला रोज कळत होतं.

मग एखादी फांदी मागून का नाही आणली, असं कुणी विचारेल. आमच्याकडे फांदी मागत नाहीत. मागून आणलेली मूळ धरत नाही, चोरलेली हमखास धरते, अशी समजूत आहे. त्यामुळे चांगल्या घरच्या बायका एकमेकींकडे कॉफी प्यायला जातात आणि येताना पर्समध्ये ओल्या रुमालात गुंडाळून काहीतरी घेऊन येतात. घरच्या बाईनं तेवढ्यापुरतं "जरा साखर घेऊन येते" म्हणत आत जायचं असतं. आणि परत आल्यावर कुंडीकडे बघायचं नसतं. फुएन्सांता मात्र कुणासाठीही साखर आणायला उठली नाही. तिनं ते झाड जिथे हात पोचणार नाही अशा कडीत टांगलं आणि लांब वेळूच्या टोकाला बांधलेल्या डब्यानं त्याला पाणी घालत राहिली.

या वर्षी तिचा गुडघा गेला. ही बातमी मला रेमेदिओसनं दिली. रेमेदिओस म्हणजे फुएन्सांताच्या दारावर उभी राहून माणसं आत सोडणारी बाई, आमची दोघींची बालवाडीपासूनची मैत्रीण. "तो वेळू आता तिला उचलवत नाही गं," ती म्हणाली. "वरच्या कुंड्या खाली घेतल्यात. तुझ्या आईची आता खांद्याएवढीच आहे." एवढं बोलून ती माझ्याकडे न बघता बटाटे निवडत बसली. चांगल्या मैत्रिणी अशाच असतात.

तर त्या रविवारी मी आसिस्क्लोची गवती टोपी घातली, मोठा काळा चष्मा लावला आणि पर्समध्ये ओला रुमाल ठेवला. आसिस्क्लो माझा नवरा. तो आमच्या अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होता.

"ही स्वारी कुठे निघाली वेषांतर करून?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"रविवारी?"

"तू अंगण सांभाळ. कुणी आलं तर उठून उभा राहा, आणि बोगनवेलीचं नाव विचारलं तर बोगनवेल म्हणून सांग, मागच्यासारखं 'ते ती सांगेल' म्हणू नकोस."

"कुणी आलं तर," तो म्हणाला आणि पेपरात तोंड घातलं. आमच्या दाराशी तेव्हा एक कुत्रं होतं फक्त.

रांगेत माझ्यापुढे सारागोसाहून बसनं आलेल्या बायका होत्या. त्यातली एक गोरीगोमटी, हातात पंखा, बोलायला आसुसलेली. "तुम्ही कुठल्या?" तिनं विचारलं.

"वायादोलिदची," मी ठोकून दिलं.

"अगबाई! आमची सून वायादोलिदची! कुठल्या भागात राहता?"

"नदीकडे," मी म्हटलं. कुठल्याही गावाला एखादी नदी असतेच.

दारात रेमेदिओसनं मला नखशिखांत न्याहाळलं. "एकच व्यक्ती?" तिनं विचारलं. मी मान हलवली. हातातल्या मोजणीच्या यंत्राचं बटण दाबत ती पुटपुटली, "चष्मा छान दिसतो, कुस्तो."

आत पाऊल टाकलं. सुंदर होतं ते. खोटं कशाला बोलू? चुना ताजा, विहिरीच्या काठावर नेचे, जिन्याच्या प्रत्येक पायरीला एक निळी कुंडी, आणि एकाही फुलाची वाळकी पाकळी खाली नव्हती. माझ्याकडेही निळ्या कुंड्या आहेत, चुना आहे, पण माझ्या अंगणात शिरल्यावर लोक मान वर करत नाहीत. इथे सगळे माना वर करून उभे होते. मला इतका राग आला की विहिरीतलं पाणी खारट निघो, असं मनात येऊन गेलं.

फुएन्सांता विहिरीशेजारी खुर्चीत बसली होती, हातात काठी. वाळली होती. पण आवाज तोच, हुकूम सोडणारा. पंधरावीस जण तिच्याभोवती कोंडाळं करून ऐकत होते.

"हे आमच्या आईचं जिरेनियम," ती काठीनं दाखवत म्हणाली. "साठ वर्षांचं आहे. पान चोळलं की लिंबाचा वास येतो. पण हात लावायचा नाही हं, म्हातारं झालंय बिचारं. आई रोज सकाळी पानं तळहातांवर चोळायची आणि माझ्या वेण्या घालायची. शाळेत पोरी माझ्या शेजारी बसायला भांडायच्या."

माझ्या? माझ्या वेण्या होत्या त्या! फुएन्सांताचे केस दर उन्हाळ्यात उवा होतात म्हणून मानेपर्यंत कापलेले असायचे. पोरी माझ्यासाठी भांडायच्या! झाड घेतलंस, घर घेतलंस, पहिला नंबर घेतलास, आणि आता माझ्या वेण्यासुद्धा? चष्म्याआड माझे डोळे जळत होते. तोवर चोरीची थोडी लाज वाटत होती, ती साफ गेली.

लोक फोटोसाठी विहिरीकडे सरकले तशी मी भिंतीकडे सरकले. कुंडी खरंच खांद्याएवढी होती. एका हातानं टोपी सावरल्यासारखं केलं आणि दुसऱ्या हातानं कोवळी फांदी पेराशी मोडली. रुमाल काढायच्या आधी मला राहवलं नाही. पान चोळून नाकाशी नेलं.

काही नाही.

पुन्हा चोळलं, जोरात. हिरवा वास येत होता, कुठलंही पान चोळल्यावर येतो तसा. लिंबाचा नव्हता. माझं नाक शाबूत आहे, शेजारणीचं सारण करपलेलं मला गल्लीतून कळतं. ते आईचं झाड नव्हतंच. तसंच दिसणारं दुसरं होतं.

मी मान वळवली. फुएन्सांता माझ्याकडेच बघत होती. टोपी, चष्मा, कशाचाही उपयोग झाला नव्हता. मी आत आल्यापासून तिला ठाऊक असणार. ती आधी माझ्या हाताकडे बघत होती, मग माझ्या नाकाकडे. चेहरा चुन्याइतका पांढरा पडला होता.

"अय्या, तुम्ही तोडलंत की काय!" सारागोसाची पंखेवाली मागेच उभी होती. सगळ्यांनी वळून बघितलं. "आता तोडलंच आहे तर सांगा तरी, येतो का हो लिंबाचा वास?"

अकरा वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होते म्हणायला हरकत नाही. दारावर रेमेदिओस होती, अंगणात वीस जोड्या कान होते, संध्याकाळी परीक्षक यायचे होते. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. दुपारपर्यंत ते अख्ख्या आळीत झालं असतं, आणि साठ वर्षांच्या जिरेनियमची गोष्ट सांगायला ती पुन्हा त्या खुर्चीत बसू शकली नसती. शब्द जिभेवर आला होता. गोड लागत होता.

पण मी 'नाही' म्हटलं असतं तर आईचं झाड तिथेच, त्या परक्या माणसांसमोर, गेलं असतं. ते आधीच गेलेलं होतं हे खरं. तरी ते त्यांना कशाला सांगायचं? आमच्या घरातलं आहे.

"येतो," मी म्हटलं. "अगदी लिंबाचा." आणि मूठ मिटली.

"मला द्या ना जरा, बघू!"

"नाही हो. आमच्याकडे चोरलेलं दुसऱ्याच्या हातात देत नाहीत."

"पण तुम्ही तर वायादोलिदच्या ना?"

सगळे हसले. कोरियाहून आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला काही कळलं नव्हतं, तेही हसले. हसत हसत गर्दी जिन्याकडे सरकली. तेव्हा फुएन्सांता काठीवर जोर देऊन उठली आणि कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "मी जरा साखर घेऊन येते."

कॉफी कुणी मागितली नव्हती. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

स्वयंपाकघर आईच्या वेळचंच होतं. तिनं दार लोटलं. बसली नाही, मलाही बस म्हणाली नाही.

"कधी?" मी विचारलं.

"पहिल्याच हिवाळ्यात."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला?" ती म्हणाली. "जगात एका माणसाला सांगायचं नव्हतं, ती तू."

"मीच सापडले तुला? आईनं तुला दिलं होतं झाड, तू मारलंस, त्यात मी कुठे आले?"

ओट्याखाली कांदे ठेवलेली एक जुनी कुंडी होती, निळा रंग उडालेली. मी ती तेव्हाच ओळखली. फुएन्सांता काठी टाकून कष्टानं वाकली, कांदे जमिनीवर ओतले आणि कुंडी उपडी करून माझ्यापुढे ओट्यावर ठेवली. तळाला ब्रशनं काढलेलं एक अक्षर होतं. आईला सही करण्यापुरती अक्षरं यायची, ती अशीच वाकडी काढायची. माझ्या नावाचं पहिलं अक्षर होतं ते.

"जायच्या आधी आठवडाभर," फुएन्सांता म्हणाली. "माझ्याकडून रंग मागून घेतला. मीच कुंडी धरली होती तिच्यासाठी. म्हणाली, घर तुझं, झाड कुस्तोला दे."

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. बारीकसा, वाईट आनंद. आईनं मला दिलं होतं. अकरा वर्षं मी जिचा हेवा केला तिच्याकडे हेवा करण्यासारखं काही नव्हतंच. मग राग आला, तो इतका की ओट्याची कड धरावी लागली.

"का ठेवून घेतलंस?"

"चार वर्षं मी तिला न्हाऊ घालत होते, कुस्तो. भरवत होते. रात्री उठत होते. तू रविवारी केक घेऊन यायचीस आणि ती उशीला टेकून बसायची, केस नीट कर म्हणायची मला, कुस्तो येतेय. तू गेलीस की पुन्हा भिंतीकडे तोंड." तिचा आवाज फुटला. "माझ्या वेण्या तिनं कधी घातल्याच नाहीत. लोकांना सांगते तेव्हा घातल्यासारख्या वाटतात, तेवढंच."

बाहेर कुणीतरी विहिरीत नाणं टाकलं, पाण्याचा आवाज आला. मी चष्मा काढून ठेवला. तिची मान किती बारीक झाली आहे ते मला पहिल्यांदाच दिसलं.

"चोरलेलं हमखास धरतं म्हणतात ना?" फुएन्सांता म्हणाली. "मी तर अख्खं झाड चोरलं होतं. थंडीत उचलून इथे आत आणून ठेवलं. तरी मेलं."

"पाणी जास्त घातलं असशील," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "दिवसातून तीन तीनदा घालत होते."