कूलर बंद करून गायलेला पाळणा

रायपुरात तेलीबांध्याच्या मराठी मंडळात रामनवमीला रामजन्म व्हायचा तो नीलकंठबुवांच्या गळ्यातून. तीस वर्षं. बुवा रेल्वेतले निवृत्त गार्ड. शिट्टी न फुंकता गाडी सोडतील असा आवाज. बाराच्या ठोक्याला ते पाळणा म्हणायला घेत आणि मांडवातली झाडून सारी तान्ही लेकरं दचकून उठत, टाहो फोडत. आयांना त्याची सवय झाली होती. पोरं रडली की मागच्या रांगेला कळायचं, जन्म झाला, टाका फुलं.

तो आवाज यंदा दत्तजयंतीच्या तापात गेला. ताप उतरला, आवाज काही आला नाही. नाव नीलकंठ, अन् देवानं नेमका कंठच मागून घेतला, असं मंडळाचे सचिव शेखरभाऊ म्हणाले, आणि कुणी हसलं नाही म्हणून पुन्हा एकदा म्हणाले. डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून पाहिलं. गळ्यातल्या दोन पट्ट्यांपैकी एक निजली होती. जागी होईल किंवा नाहीही. तोवर आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या ऋताकडे दर मंगळवारी जायचं.

चार दिवस बुवा भिंतीकडे तोंड करून पडले. देवाशीही अबोला. पाचव्या दिवशी त्यांना वाटलं, रुसायचं तर रुसू, पण ज्या पट्टीवर रुसायचं ती पाहून तरी घ्यावी. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं, 'ती पट्टी मले दाखवता का?' आणि मंगळवारी तो कागद ऋतापुढे ठेवला. ऋताला मराठी समजायचं, बोलायची मात्र हिंदीत. तिनं कॅमेऱ्यातलं चित्र लावून पडदा त्यांच्याकडे फिरवला. दोन पांढऱ्या पट्ट्या. एक लगबगीनं येत-जात होती, दुसरी स्वस्थ. जन्मभर ज्याच्या जिवावर हरिनाम घेतलं ते हे एवढंसं. बुवांनी पडद्याला हात जोडले आणि खाली लिहिलं, 'आमच्या ऑफिसात असेच दोन बाबू होते. एकच काम करे. पण गाड्या चालत.'

मग दर मंगळवारी कागदभर प्रश्न. खोकताना आवाज येतो, बोलताना काहून नाही? कावळ्यालाही पट्ट्या असतात का? ऋता म्हणाली, "अंकल, ये तो मुझे भी देखना पड़ेगा," आणि पुढच्या मंगळवारी सांगितलं की पाखरांचा बाजा निराळाच, छातीत असतो. बुवांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

तिनं व्यायाम दिला तो असा : अर्धा पेला पाणी, त्यात नळी, नळीतून गुणगुणायचं. घरात बुडबुडे सुरू झाले. तिसऱ्या दिवशी बुवांच्या पत्नी पद्मिनीबाईंनी टाकीचा पाइप बिघडला म्हणून प्लंबर बोलावला. त्याला चहा पाजून परत पाठवावं लागलं. बुवांनी तोवर शोध लावला होता की भूपाचे बुडबुडे बारीक येतात आणि भैरवीचे टपोरे. तेही लिहून ठेवलं.

"आता बुडबुड्यांचं पंचांग काढा," बाई म्हणाल्या.

होळीपर्यंत एक आवाज उगवला. पहिल्यापेक्षा बराच खाली, जाडसर, गोधडीतून बोलल्यासारखा. चार हातांपलीकडे जाईना. तेव्हा शेखरभाऊ आले. म्हणाले, मांडवात चार कूलर लागतात. त्यांच्या घरघरीत माइक लावला तर बुवांऐवजी कूलरच कीर्तन करतील. आणि कूलर बंद केले तर रायपूरच्या चैत्रात भरदुपारी बसणार कोण? नागपूरहून दुसरे बुवा बोलवावे म्हणतो.

त्यांचं काही चूक नव्हतं, हे बुवांना कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. एकदा का रामजन्म दुसऱ्या गळ्याकडे गेला की परत येत नसतो. त्यांनी नळीचा पेला बाजूला सारला. मग म्हणाले, "एकडाव कूलर बंद करून पाहू. लोक बसतात का उठतात, मले बी पाहाचं आहे."

"बुवा, हे कीर्तन आहे का प्रयोग?"

"तीस वर्षं हे नुसते सांगूनच राहिले," पद्मिनीबाई मधेच बोलल्या. "एक वर्ष पाहूनही घेऊ द्या."

ठरलं. पंधरा माणसं उठली की शेखरभाऊ कूलर सुरू करणार आणि मोबाइलवरचा पाळणा लावणार.

रामनवमीला सव्वाअकराला कूलर थांबले. शेखरभाऊ बटणांपाशी खुर्ची टाकून बसले, उठणारे मोजायला. लोक उठू लागले खरे, पण उठून पुढे येऊन बसू लागले. माइक लावूनही मागे नीट ऐकू येत नव्हतं. वर्षानुवर्षं मागच्या भिंतीशी पापडांवर चर्चा करणाऱ्या बायकाही पुढे सरकल्या. यांना मोजायचं की नाही, या पेचात शेखरभाऊ नऊवर अडकले.

पूर्वीचा रावण बुवा गर्जना करून आणत. आज तो त्यांनी कुजबुजत आणला, तर लोक जास्तच टरकले. मधे आवाज तुटला. बुवांनी घोटभर पाणी घेतलं, थांबले. आणि श्रोत्यांनीच त्यांचं वाक्य पुरं केलं. बुवा चकित होऊन बघत राहिले. यांना हे सारं पाठ होतं तर.

बारा वाजले. आयांनी सवयीनं पोरांच्या कानांवर हात ठेवले. पहिल्या रांगेत मंजिरीची तीन महिन्यांची पोरगी उकाड्यानं केव्हाची किरकिरत होती. बुवांनी पाळणा धरला, त्या खालच्या सुरात. पोरगी गप्प झाली. बुवांकडे टक लावून पाहिलं, जांभई दिली आणि झोपली. शेजारचा पोरगाही कलंडला.

लोकांच्या मुठीत फुलं तशीच. टाकायची कशी? मंजिरीनं ओठांवर बोट ठेवलं. शंखवाल्यानं शंख खाली ठेवला. मग एकेकानं पुढे येऊन, पाय न वाजवता, पाळण्यात पाकळ्या ठेवल्या. रामराया यंदा अगदी हलकेच जन्मले.

पाया पडताना मंजिरी पुटपुटली, "बुवा, तुमच्या पाळण्यानं पोट्टी झोपली."

बुवा विचारात पडले. "म्हणजे पाळणा यासाठी असते?"

आणि खिशातून कॅलेंडरचा तुकडा काढून त्यांनी मंगळवारसाठी प्रश्न लिहायला घेतला : झोपताना लेकराच्या कानात काय होते?

सुंठवड्याचा द्रोण घेऊन पद्मिनीबाई बटणांपाशी गेल्या. शेखरभाऊंची हनुवटी छातीला टेकलेली. हलवल्यावर ते दचकले. "किती उठले?"

"सगळे बसून आहेत भाऊजी," बाई म्हणाल्या. "उठाचे तुम्हीच राहिले."