एकटं असतानाची टकटक

गाडी जावयाकडून घेतली तिथेच निरीक्षकांचं चुकलं, असं त्यांच्या बायकोचं मत होतं. परक्या माणसाकडून घेतली असती तर निदान मोकळेपणी भांडता तरी आलं असतं.

निरीक्षक म्हणजे वजनमापं तपासणारे. आता निवृत्त. पण हयातभर तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं शोधलेला माणूस घरी बसला म्हणून एकदम भोळा होत नाही. मुलीच्या लग्नाला आठ महिने होऊन गेले, तरी जावई त्यांना जरा जास्तच गोड वाटायचा.

गाडी आली आणि तिसऱ्याच दिवशी डावीकडून टकटक सुरू झाली. खड्डा आला की टक, वळण आलं की टकटक. निरीक्षकांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी डिकीतला जॅक फडक्यात गुंडाळला, पुढचा कप्पा रिकामा केला, दारातली पाण्याची बाटलीसुद्धा काढली. टकटक तशीच. मग बायकोला शेजारी बसवून नेलं, तर गाडी गप्प.

"अहो, कुठाय आवाज?"

"काल होता."

"कानात असेल तुमच्या."

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला शेजारी बसवून तीन चकरा मारल्या. गाडी अगदी साळसूद.

"काका, गाडी एकदम ओके आहे," तो म्हणाला. "कोणाची होती?"

"जावयाची."

"मग चांगलीच असणार की!"

झालं. या दोघांचं काहीतरी साटंलोटं आहे, हे निरीक्षकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्यांनी मुलीला फोन लावला.

"गाडी कुठेतरी ठोकलेली आहे. डाव्या बाजूने. विचार त्याला."

"बाबा, असं असतं तर तो बोलला असता ना."

"सगळं सांगतो का तो तुला?"

"विचारते," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर निरीक्षकांना चैन पडेना. गाडीचं काय, विकून टाकता येते. पोरीच्या पदरात खोटा माणूस पडला असेल तर काय करायचं, या भीतीने त्यांना जेवण गोड लागेना.

चार दिवसांनी ते दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. हा म्हातारा होता आणि कमी बोलायचा.

"आवाज कधी येतो?"

निरीक्षक ओशाळले. "एकटा असलो की."

म्हातारा हसला नाही. "मग एकटेच चालवा," म्हणाला आणि जाऊन मागच्या सीटवर बसला.

पहिल्याच गतिरोधकाला टक! म्हाताऱ्याने पुढे हात घालून शेजारच्या सीटचा लोंबता पट्टा धरला. आवाज बंद. सोडला, पुन्हा टक. पट्ट्यावरचं बक्कल अडवून धरणारं बारकं बटण तुटलं होतं, त्यामुळे ते खाली घसरून दाराजवळच्या प्लॅस्टिकवर आपटत होतं. शेजारी माणूस बसला की पट्टा त्याच्या अंगावर, मग वाजणार काय? म्हाताऱ्याने नवीन बटण दाबून बसवलं. दहा मिनिटांचं काम.

निरीक्षकांना आधी हसू आलं आणि मग स्वतःची लाज वाटली. ते तडक मुलीच्या घरी गेले. जावयाने दार उघडलं. दाढी वाढलेली, चेहरा ओढलेला. मुलगी आत खुर्चीत हाताची घडी घालून बसली होती.

"जावईबापू, माझं चुकलं," निरीक्षक उभ्याउभ्याच म्हणाले. "पट्ट्याचं बटण होतं हो नुसतं. गाडी कुठेही ठोकलेली नाही. मी उगाच तुमच्यावर संशय घेतला."

जावयाने बायकोकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत थोडी आशा दिसत असावी.

"ऐकलंस ना?" निरीक्षकांनी मुलीला विचारलं.

"ऐकलं." ती जागची हलली नाही. "पण बाबा, ठोकलीच नव्हती, तर मी विचारल्यावर हा इतका चिडला का?"

"अगं, कोणीही चिडेल!"

"तीनदा विचारलं. तिन्ही वेळा चिडला. काही नसतं तर हसला असता."

जावई क्षणभर उभा राहिला, मग आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

मुलीने वडिलांकडे पाहिलं.

"बघितलंत?" ती म्हणाली.